साधं टपाल, स्पीड पोस्ट आणि महिना उलटून येणारे अंक

साध्या टपालाला पाचापैकी दीड, स्पीड पोस्टला साडेतीन आणि आमच्या गल्लीत येणाऱ्या पोस्टमनना पाचापैकी पाच. गुण मुद्दाम वेगवेगळे दिले आहेत. पोस्टाबद्दल बोलताना आपण या तिन्हींची गल्लत करतो आणि बोलणी मात्र दारात उभ्या असलेल्या माणसाला खावी लागतात.

मी इंदुरात एक लहानसं मराठी वाचनालय सांभाळते. जुन्या वाड्यातली एक खोली, भिंतीलगत काचेची कपाटं, मधे लांब टेबल, संध्याकाळी दोन-अडीच तास दार उघडं. सभासद बहुतेक साठी ओलांडलेले. पुस्तकं कुणी ना कुणी पुण्याहून येताना आणतं, पण मासिकं आणि साप्ताहिकं येतात ती टपालानंच. मराठी मासिक हवं म्हणून राजवाड्याच्या बाजारापर्यंत गेलं तरी हाती लागेल याची खात्री नाही. म्हणजे पुण्या-मुंबईला, नाशिकला, कोल्हापूरला वर्गणी पाठवायची आणि वाट बघायची. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या कुणालाही विचारा, पोस्ट हाच त्याचा पुस्तकांच्या दुकानाचा रस्ता असतो. म्हणून या सेवेबद्दल मी इतकं लांबण लावून लिहितेय.

मे महिन्याचा अंक हातात पडतो तेव्हा जून निम्मा सरलेला असतो. साप्ताहिकांचं तर विचारूच नका. दोन-तीन आठवडे काहीच नाही, मग एकाच दिवशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा, आणि त्यातला एखादा मधलाच अंक गायब. दिवाळी अंक देवदिवाळीपर्यंत आले तर आम्ही खूश असतो. एखादा संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाल्यावरही येतो. आमच्याकडे एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या एका मासिकातलं शब्दकोडं सोडवून उत्तर पोस्टकार्डावर पाठवतात. उत्तर पोचायची शेवटची तारीख अंकातच छापलेली असते आणि अंक आमच्याकडे येतो तोवर ती उलटून गेलेली असते. तरीही आजी कोडं सोडवतात, कार्ड लिहितात आणि आमच्या मदतनीस मुलाला पेटीत टाकायला देतात. तीन-चार महिन्यांपूर्वी एकदा अंक वेळेत आला होता. पुढच्या अंकात अचूक उत्तरांच्या यादीत इंदूरचं नाव छापून आलं. तेव्हापासून तर त्या सोडायलाच तयार नाहीत.

अंक येतो त्याचं वेष्टण एकदा नीट बघा. खाकी कागदाची पट्टी, त्यावर कार्यालयातून छापून चिकटवलेला पत्ता, खाली टपाल परवान्याचा क्रमांक आणि ‘दर महिन्याच्या अमुक तारखेला प्रसिद्ध’ अशी ओळ. कोपऱ्यात पोस्टाचा गोल शिक्का. शाई अर्धी उमटलेली असते, पण उजेडात तिरका धरला की पुण्याची तारीख वाचता येते. मग पट्टी उलटी करा. मागची बाजू कोरी असते. माझ्याकडे आईची जुनी पत्रं आहेत, साताऱ्याहून इंदूरला आलेली. प्रत्येकावर पुढे साताऱ्याचा शिक्का आणि मागे इंदूरचा. कधी निघालं, कधी पोचलं, सगळं त्या एका पाकिटावर. आता निघाल्याची तारीख कळते, पोचल्याची कळत नाही. मधले सगळे दिवस कुठे गेले याला कुणीच जबाबदार नाही.

माझी खरी तक्रार हीच आहे, उशिराइतकीच किंवा त्याहूनही मोठी. उशीर होऊ शकतो. पावसाळ्यात गाड्या अडतात, सणासुदीला पार्सलांचा डोंगर येतो, माणसं रजेवर असतात. पण साध्या टपालाला नंबर नसतो, ट्रॅकिंग नसतं, आल्याचा शिक्काही नसतो. मग तक्रार कशाच्या आधारावर करायची? खिडकीवर गेलं की पहिला प्रश्न येतो, “नंबर बताइए.” नंबर नाही म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. समोरचा माणूस वाईट नसतो, त्याच्याकडे बघायला दुसरं काही नसतंच.

हे नुसत्या अंकांपुरतं असतं तर मी इतकी चिडले नसते. आमच्या एका सभासदांच्या नातीला नाशिकच्या एका संस्थेकडून अध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं. साध्या टपालानं. मुलाखतीची तारीख उलटून चार दिवसांनी. पाकिटावरचा शिक्का स्वच्छ उमटला होता, संस्थेनं पत्र पुरेसं आधी टाकलं होतं. मुलीनं फोन केला, पाकिटाचा फोटो पाठवला. ते सभ्यपणे म्हणाले की आम्ही वेळेत पाठवलंय. तेही खरंच. पोस्टात गेली तर तिथे म्हणाले, आमच्याकडे ज्या दिवशी आलं त्याच दिवशी वाटलं. तेही खरं असेल. दोघंही खरं बोलताहेत आणि जागा मात्र गेली. मागे एक शिक्का असता तर निदान कळलं असतं की पत्र वाटेत कुजत होतं की इंदुरात येऊन पडलं होतं.

यावर लोक म्हणतात, “मग रजिस्टर करायचं ना.” ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा आता राहिलेली नाही. 2025 मध्ये ती स्पीड पोस्टात विलीन केली. आधी वीस ग्रॅमचं साधं पत्र रजिस्टर करायला पाच रुपये टपालखर्च, सतरा रुपये नोंदणी आणि वर जीएसटी धरून 26 रुपयांच्या आत काम व्हायचं. 1 ऑक्टोबर 2025 पासूनचे स्पीड पोस्टाचे दर बघा. पन्नास ग्रॅमपर्यंत, शहराबाहेर, 47 रुपये. पत्त्यावरच्याच माणसाच्या हाती द्यायची नोंदणी हवी असेल तर आणखी पाच. त्यावर जीएसटी. म्हणजे 61 रुपयांच्या वर. शहरातल्या शहरात 19 रुपयांपासून आहे, ते ठीक. पण पुण्याहून इंदूरला एक कागद पोचल्याचा पुरावा हवा असेल तर खर्च दुपटीच्याही पुढे गेला. पत्र लवकर जावं असा माझा आग्रह नव्हता. ते पोचलं याची नोंद मला हवी होती. रजिस्टर टपाल नेमकं तेच करायचं, सावकाश आणि स्वस्तात. आता एका टोकाला पाच रुपयांचं पाकीट, ज्याचा मागमूस नाही, आणि दुसऱ्या टोकाला साठ रुपये. मधली पायरीच काढून टाकली. कोर्टाच्या नोटिसा, सोसायट्यांची पत्रं, घरमालक-भाडेकरूंची पत्रं, या सगळ्यांचा भार आता सामान्य माणसाच्या खिशावर.

पुस्तकांचंही असंच झालं. रजिस्टर्ड बुक पोस्ट 2024 च्या डिसेंबरात बंद झालं. छोटे मराठी प्रकाशक तेव्हा फार हळहळले. 1 मे 2025 ला ज्ञान पोस्ट सुरू झालं, तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून पाच किलोला 100 रुपयांपर्यंत, आणि त्याला ट्रॅकिंग आहे. चांगली सोय आहे, मी वापरते आणि इतरांनाही सांगते. पण ती पाठ्यपुस्तकं आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. नियतकालिकं आणि जाहिरातींची प्रकाशनं त्यात बसत नाहीत. दिवाळी अंक तर जाहिरातींवरच उभा असतो! म्हणजे आमच्या गरजेला ज्ञान पोस्ट नाही आणि रजिस्टर्ड बुक पोस्ट गेलं. संपादकांनी अंक स्पीड पोस्टानं पाठवायचे म्हटले तर अंकापेक्षा टपालखर्च जड होतो. परवान्यावर अंक पाठवला तर टपालखर्च पैशांत मोजावा इतका कमी पडतो, आणि ही सवलत वाचन स्वस्त राहावं म्हणूनच दिलेली आहे. सवलत आहे म्हणून अंक कोपऱ्यात पडू द्यावा, हे त्या हेतूलाच धरून नाही.

आमच्या वाड्याच्या मागच्या बाजूला एक काका राहतात, आर.एम.एस.मधून, म्हणजे पोस्टाच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेले. त्यांच्या तरुणपणी टपालाची वर्गवारी चालत्या गाडीत व्हायची. रात्रभर डब्यात खणांपुढे उभं राहायचं, पाकीट हातात आलं की पत्त्याकडे एक नजर आणि योग्य खणात. स्टेशन यायच्या आत त्या गावची थैली बांधून, लाख लावून तयार. काका आजही पत्ता वाचतात तो खालून वर, आधी पिन कोड, मग गाव, नाव सगळ्यात शेवटी. पिन कोडचं त्यांना मोठं कौतुक. 15 ऑगस्ट 1972 ला तो आला, आणि आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. खात्यातले अधिकारी, शिवाय संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, नाना लिप्या, नाना हस्ताक्षरं, यातून वाट काढायला सहा आकडे. पुण्याचे पहिले तीन 411, इंदूरचे 452. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हींचा पहिला आकडा एकच, 4. काका म्हणतात, “अगं, एका घरातल्या दोन खोल्या आहेत या. यांच्यामध्ये पत्र हरवतंच कसं?”

उशीर का होतो ते त्यांनीच मला समजावलं. आता गाडीत वर्गवारी होत नाही, थैल्या मोठ्या केंद्रांवर जातात. तिथे स्पीड पोस्ट आणि पार्सल आधी उचललं जातं, कारण त्याला नंबर असतो आणि नंबर अडकला की वरून विचारणा होते. साध्या टपालाची थैली थांबली तर कुणालाच कळत नाही. म्हणून ती थांबते. कारण इतकंच. माणसं कमी असली, कामाचा रेटा असला, की ज्याची विचारणा होत नाही ते मागे पडतं. कुणी मुद्दाम करत नाही.

आमच्या भागाच्या पोस्टात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अंकांची चौकशी करायला सकाळी लवकर गेले होते, तेव्हा तिथल्या पोस्टमास्तरांनी आत बोलावून दाखवलं. लांब टेबलावर प्रत्येक बीटचे, म्हणजे एकेका पोस्टमनच्या वाटपाच्या भागाचे गठ्ठे. पोस्टमन आधी स्पीड पोस्ट मोबाइलवर स्कॅन करतात, मग पार्सलं, मग आधार कार्डं, बँकांची कार्डं, पासपोर्ट. टेबलाखाली प्लास्टिकचे ट्रे, त्यात साधं टपाल. एका ट्रेमध्ये आमच्याच मासिकाचा अंक मला वरूनच ओळखू आला, कोपरा दुमडलेला. “ये आज आया है?” मी विचारलं. पोस्टमन म्हणाले, “मैडम, थैली आज खुली है. आई कब, ये नहीं पता.” कुणी चिडलं नाही, कुणी टाळलं नाही. त्यांनी तो अंक तिथल्या तिथे माझ्या हातात दिला आणि वहीत सही घेतली.

त्या पोस्टमनकडे दोन बीट आहेत, शेजारचं बीट रिकामं आहे म्हणून. सायकल सोडून स्वतःची मोटरसायकल घेतली. पत्रं वाटता वाटता ते म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेऊन बँकेचे पैसे काढून देतात, नोव्हेंबरात पेन्शनरांचे जीवन प्रमाणपत्राचे फोटो घरी येऊन काढतात, खाती उघडून देतात. ती कामंही गरजेचीच आहेत, आमच्या वाचनालयातले निम्मे लोक त्यांच्याच भरवशावर आहेत. पण दिवस तेवढाच, पाय तेवढेच. तरी पत्ता चुकीचा असला, घर क्रमांक बदलला, जुना वाडा पाडून अपार्टमेंट झालं, तरी ते माणूस शोधून काढतात. एकदा पाकिटावर नुसतं “मराठी वाचनालय, इंदूर” एवढंच होतं आणि पिन कोड दुसऱ्याच भागाचा. आलं. फिरत फिरत, पण आमच्याच दारात आलं. पाचापैकी पाच मी उगाच नाही दिले.

स्पीड पोस्टाबद्दल थोडक्यात. पुणे-इंदूर बहुतेक वेळा वेळेत येतं. कुठे पोचलं ते फोनवर दिसतं, वाटायला बाहेर काढलं की संदेश येतो. गुण कापले ते दोन गोष्टींसाठी. कधी कधी ‘दार बंद होतं’ असा शेरा पडतो आणि आम्ही दिवसभर ओटल्यावरच बसलेलो असतो. आणि देवासहून, म्हणजे इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरून आलेलं पाकीट पुण्याहून आलेल्यापेक्षा जास्त वेळ घेतं हे मला अजून कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. खासगी कुरिअरवाले शहरात बरे, पण सभासदांचे नातेवाईक जिथे राहतात त्या निमाडातल्या खेड्यांत ते जात नाहीत, किंवा तालुक्याला येऊन घ्या म्हणतात. पोस्ट जातं. देशभरात दीड लाखांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांत. पन्नास पैशांचं कार्ड तिथवर नेणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तर माझा जीव या सेवेत अडकलाय. ती मोडीत निघाली तर आमच्यासारख्यांना पर्याय नाही.

मला काय हवंय ते साधं आहे. वाटप करणाऱ्या पोस्टात थैली उघडली की साध्या टपालावर त्या दिवसाचा शिक्का मारा. हा खर्च शाईचा आणि थोड्या वेळाचा आहे. खात्याच्या नागरिक सनदेत साध्या टपालाच्याही मुदती लिहिलेल्या आहेत, पण पोचल्याची तारीख नसेल तर मुदत पाळली की मोडली हे ठरवायचं कसं? शिक्का आला की थैली कुठे अडते ते खात्यालाच पहिल्यांदा दिसेल. दुसरं, रिकामी बीटं भरा. आणि नोंद असलेलं, सावकाश जाणारं, स्वस्त पत्र परत आणा, नाव काहीही द्या.

तोवर तुम्ही वापरणार असाल तर माझ्या अनुभवातून इतकंच. ज्याची तारीख आहे ते साध्या टपालानं पाठवू नका, मग ती मुलाखत असो, मुंज असो की राखी. पिन कोड आकडे सुटे सुटे लिहून, सगळ्यात खाली. पत्त्यावर मोबाइल क्रमांक असेल तर पोस्टमनला फार सोपं जातं. पेटीत टाकण्याआधी पेटीवरची निकासीची वेळ वाचा, आणि पाटी पुसली असेल किंवा पेटी गंजलेली असेल तर सरळ ऑफिसात नेऊन द्या. मासिकाचा अंक आला नाही तर संपादकांवर रागावण्याआधी स्थानिक पोस्टात जाऊन विचारा, दहातल्या चार वेळा तो तिथेच असतो. पुस्तक पाठवायचं तर खिडकीवर ‘ज्ञान पोस्ट’ असं नाव घेऊन मागा, नाहीतर ते पार्सल लावतात.

आणि इंदूरच्या वाचकांसाठी एक. गेल्या चैत्रापासून आम्ही वाचनालयात आलेलं प्रत्येक वेष्टण जपून ठेवतोय. पुढे पोस्टाचा शिक्का आहेच, मागे आम्ही शिसपेन्सिलीनं आल्याची तारीख लिहितो आणि पोस्टमन सही करतात. ते स्वतःहून करतात, कारण उशीर त्यांच्या हातून होत नाही हे त्यांनाही दाखवायचंय. आता एक जाड फाइल झाली आहे. डाक अदालतीत, म्हणजे पोस्टाच्या तक्रारींच्या सुनावणीत, तक्रार आधी लेखी पाठवावी लागते, म्हणून अर्ज तयार केलाय आणि सोबत या वेष्टणांच्या प्रती लावतोय. तुमच्याकडे उशिरा आलेली पाकिटं, अंकांची वेष्टणं असतील तर फेकू नका. मागे तारीख लिहा आणि संध्याकाळी वाचनालयात आणून द्या. अर्ज पुढच्या आठवड्यात जाणार आहे, स्पीड पोस्टानं.